सर्पिल दीर्घिकेतले चुंबकीय क्षेत्र वायूला कुठे वळवते आणि कुठे नाही

कोल्हापुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : २०१९ च्या अखेरीस एम ७७ या सर्पिल दीर्घिकेविषयी एक बातमी आली होती. विमानात बसवलेल्या सोफिया या दुर्बिणीने तिच्या भुजांमधले चुंबकीय क्षेत्र सुमारे २४,००० प्रकाशवर्षे लांबीपर्यंत मोजले आणि ते भुजांना समांतर निघाले. मग दीर्घिकेचा सर्पिल आकार चुंबकीय क्षेत्रामुळे येतो असे म्हणायचे का? आणि तसे नसेल, तर एवढ्या मोठ्या क्षेत्राचा पाठ्यपुस्तकातल्या घनतातरंगाच्या, म्हणजे भुजा ही ताऱ्यांच्या आणि वायूच्या गर्दीची फिरती लाट आहे या कल्पनेच्या, प्रकरणात साधा उल्लेखही का नसतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भुजांचा आराखडा गुरुत्वाकर्षण काढते आणि चुंबकीय क्षेत्र त्या आराखड्यात ओढले जाते. परंतु एवढ्यावर थांबणे हीदेखील चूक ठरेल, कारण भुजेच्या आत शिरून काहीशे प्रकाशवर्षांच्या मापावर पाहू लागलो, की वायूचे ढग, त्यांतले तंतू आणि त्यांतून होणारी ताऱ्यांची निर्मिती यांत चुंबकीय क्षेत्र गुरुत्वाच्या बरोबरीने वाटेकरी असते. म्हणून ‘चुंबकीय क्षेत्र महत्त्वाचे आहे का’ असा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारू देत नाही; ‘किती मोठ्या मापावर आणि कोणत्या वायूत’ हे जोडल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसते.

आधी आकडे पाहू. कोल्हापुरात होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रामुळे फिरते ते पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. सूर्याच्या आसपासच्या आंतरतारकीय वायूतले क्षेत्र ५ ते ६ मायक्रोगॉस (मायक्रोगॉस म्हणजे गॉसचा दशलक्षांश), म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सत्तर-ऐंशी हजारांश. इतर सर्पिल दीर्घिकांत सरासरी क्षेत्र १० मायक्रोगॉसच्या घरात असते, एम ५१ सारख्या दीर्घिकेच्या भुजांत ते २० ते ३० मायक्रोगॉसपर्यंत जाते. इतके क्षीण क्षेत्र कशाला हलवणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याला हलवायचे तो वायू किती विरळ आहे तेही पाहिले पाहिजे. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये १० चा १९ वा घात या पातळीवर रेणू असतात, तर आंतरतारकीय वायूत तेवढ्याच जागेत सरासरी एक अणू असतो.

क्षेत्राची ताकद जोखण्याची सोयीची पद्धत म्हणजे वेगांची तुलना. चुंबकीय क्षेत्राच्या ताणामुळे वायूत ज्या वेगाने लाट धावते त्याला आल्फव्हेन वेग म्हणतात. घनसेंटिमीटरला एक अणू आणि ५ मायक्रोगॉस हे आकडे घातले की तो सेकंदाला सुमारे ९ किलोमीटर येतो. उबदार वायूतला ध्वनीचा वेग साधारण ८ किलोमीटर, आणि वायूतल्या संक्षोभाचा, म्हणजे अस्ताव्यस्त खळबळीचा, वेग ७ ते १० किलोमीटर. तिन्ही आकडे एकमेकांना खेटून आहेत. विश्वकिरणांची, म्हणजे अवकाशात प्रचंड वेगाने धावणाऱ्या विद्युतभारित कणांची, ऊर्जाघनता मोजली, तर तीही घनसेंटिमीटरला सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे पुन्हा चुंबकीय ऊर्जेच्या आसपासच. हा योगायोग नाही. ही चारही खाती एकमेकांत ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि म्हणून त्यांची शिल्लक जवळपास राहते.

आता दीर्घिकेच्या परिवलनाचा वेग घ्या : सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर. आल्फव्हेन वेगाच्या तो वीस-पंचवीस पट आहे, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे जात असल्याने परिवलनाची ऊर्जा चुंबकीय ऊर्जेच्या जवळजवळ पाचशे पट भरते. ज्या खात्यात पाचशे रुपये आहेत त्याला एक रुपयाचे खाते चालवू शकत नाही. १९९० च्या दशकात काही संशोधकांनी दीर्घिकांच्या बाहेरच्या भागातले वेगवान परिवलन कृष्णद्रव्याऐवजी चुंबकीय ताणाने समजावता येईल का, हे तपासून पाहिले होते. कल्पना करण्याजोगी होती, पण ताऱ्यांना आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्राचे बल जाणवत नाही आणि जिथे तारे व वायू दोन्ही मोजता येतात तिथे त्यांच्या परिवलनाचे वेग एकमेकांशी जुळतात, ही एकच गोष्ट माझ्या मते त्या वाटेवर फार पुढे जाऊ देत नाही.

तरीही एक बारकावा इथेच नोंदवून ठेवतो. भुजा म्हणजे संपूर्ण परिवलन नव्हे. साध्या सर्पिल दीर्घिकेत भुजेच्या गुरुत्वामुळे वायूच्या वर्तुळाकार गतीत जी ढवळाढवळ होते, ती सेकंदाला १० ते ३० किलोमीटरची असते. ही संख्या आल्फव्हेन वेगाच्या बरीच जवळ आहे. त्यामुळे भुजा कुठे असावी हे क्षेत्र ठरवत नसले, तरी भुजेत शिरणारा वायू किती दाबला जाईल आणि दाबला गेल्यावर त्याचे काय होईल, यात त्याचा शब्द चालतो.

क्षेत्र आणि वायू एकमेकांना बांधलेले का असतात, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले, की विद्युतवाहक द्रवात किंवा वायूत क्षेत्ररेषा गोठल्यासारख्या अडकून राहतात. वायू वाहील तशा त्या वाहतात, ताणला तर ताणल्या जातात, दाबला तर दाटतात. ‘गोठणे’ या शब्दाने मात्र विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, कारण त्यांना बर्फ आठवतो. मला आपल्याकडच्या गुऱ्हाळातली काहील अधिक जवळची वाटते. घट्ट होत आलेल्या काकवीत पळी बुडवून वर घेतली की तार सुटते. काकवी ज्या बाजूला ओढाल त्या बाजूला तार जाते, पण ती ओढताना हाताला ताणही जाणवतो. क्षेत्ररेषांचे वागणे असे आहे. रसाला ढवळणारा हात बलवान असेल तर तारा त्याच्या मागे जातात. हात थकला की तारेचा ताण आपले म्हणणे मांडू लागतो. उपमेतली उणीवही सांगितली पाहिजे : काकवीची तार ताणली की बारीक होऊन तुटते, क्षेत्ररेषा ताणली की क्षेत्र उलट वाढते.

हे बंधन केवळ आयनीभूत, म्हणजे ज्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावून विद्युतभारित झाले आहेत अशा, वायूपुरते नाही. थंड रेणवीय ढगात कोटीभर कणांमागे एखादाच विद्युतभारित कण उरलेला असतो, तरीही तो सतत उदासीन रेणूंवर आदळत राहिल्याने संपूर्ण ढग क्षेत्राला धरून राहतो. अगदी घन गाभ्यात मात्र ही पकड सुटते, आणि ती सुटते म्हणूनच तारे होऊ शकतात. त्याकडे पुढे येतो.

आता एम ७७ च्या बातमीकडे वळू. दीर्घिका एखाद्या चाकासारखी एकसंध फिरत नाही. आतला भाग फेरी लवकर पुरी करतो, बाहेरचा उशिरा. सूर्याला एका फेरीसाठी सुमारे २२ ते २३ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे एखादी सरळ त्रिज्यारेषा वायूत आखली, तर काही फेऱ्यांतच ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली जाईल, आणि दहा अब्ज वर्षांत तिचे चाळीस-पन्नास वेढे पडतील. भुजा म्हणजे ठरावीक ताऱ्यांचे पट्टे असते तर त्यांचेही असेच झाले असते. बेर्टिल लिंडब्लाड यांनी सुरू केलेल्या आणि सी. सी. लिन व फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये गणितात बसवलेल्या घनतातरंगाच्या कल्पनेने ही अडचण सोडवली : भुजा ही वस्तू नाही, ती गर्दीची जागा आहे, तारे आणि वायू तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात. ऊस हंगामात महामार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे वाहने तुंबतात तेव्हा तुंबारा पुढे सरकत राहतो, पण त्यातली वाहने सारखी बदलत असतात, हे आपण दरवर्षी पाहतो. सगळ्याच दीर्घिकांत हा तरंग दीर्घकाळ टिकणारा असतो का, याबद्दल आज मतभेद आहेत. अनेक दीर्घिकांत भुजा बनतात, विरतात आणि पुन्हा बनतात असे गणकीय प्रतिरूपे दाखवतात. दोन्ही बाजूंच्या मतांत भुजा घडवणारे बल मात्र गुरुत्वच आहे.

अशा भुजेत वायू शिरला की तो आघाततरंगात, म्हणजे ध्वनीहून वेगवान वायू एकदम अडून दाबला जातो अशा सीमेवर, सापडतो. डब्ल्यू. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांनी १९६९ मध्ये हे गणित मांडले. दाबला जाताना वायू आपल्याबरोबर क्षेत्रालाही दाबतो, आणि भुजेला समांतर असलेला घटक तेवढा वाढतो, लंब घटक तसाच राहतो. परिणामी क्षेत्र भुजेला समांतर होते. म्हणजे बातमीतले निरीक्षण खरे आहे, आणि गुरुत्वाने भुजा घडवल्या असत्या तरी ते नेमके असेच दिसले असते. समांतर असणे हा कारणाचा पुरावा नव्हे. पंचगंगेच्या पुरानंतर काठावरचे गवत प्रवाहाच्या दिशेने झोपलेले दिसते. त्यावरून गवताने नदी वळवली असे आपण म्हणत नाही.

मात्र समांतर असण्यात एक खरे कोडे दडलेले आहे आणि ते बातमीत नव्हते. क्षेत्र केवळ परिवलनाने गुंडाळले गेले असते, तर ते जवळजवळ वर्तुळाकार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक सर्पिल दीर्घिकांत क्षेत्राची दिशा वर्तुळाशी १० ते ३५ अंशांचा कोन राखून असते. म्हणजे कोणीतरी सतत ते वेढे उलगडून क्षेत्राला त्रिज्येच्या दिशेने खेचते आहे. ते काम डायनॅमोचे, म्हणजे वायूच्या गतीतून क्षेत्र वाढवत आणि टिकवत राहणाऱ्या यंत्रणेचे. अधिनवताऱ्यांच्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, स्फोटांनी वायूचे फुगे तबकडीच्या वर उसळतात, दीर्घिकेच्या परिवलनामुळे उसळताना त्यांना पीळ बसतो, आणि त्या पिळातून वर्तुळाकार क्षेत्राचा काही भाग त्रिज्येच्या दिशेने वळतो. त्याला परिवलन पुन्हा ताणते, आणि चक्र चालू राहते. यूजीन पार्कर यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९७१ मध्ये ती दीर्घिकांना लावली गेली.

या सिद्धांताच्या दुखण्यांवर पुण्याच्या आयुका संस्थेतल्या कंदस्वामी सुब्रमण्यम यांनी मोठे काम केले आहे. आक्सेल ब्रांडेनबुर्ग यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये लिहिलेला आढावा या विषयात शिरणाऱ्याला आजही टाळता येत नाही. त्यातले एक दुखणे वेळेचे आहे. आरंभीचे बीजक्षेत्र १० चा उणे २० वा घात गॉस इतके क्षीण धरले, तर ते मायक्रोगॉसपर्यंत वाढायला सुमारे ३२ वेळा ‘ई’ पट (म्हणजे दर वेळी सुमारे २.७२ पट) व्हावे लागेल, आणि एका पटीला तीस कोटी वर्षे धरली तर जवळजवळ दहा अब्ज वर्षे जातील. पण दूरच्या, म्हणजे तरुण, दीर्घिकांतही क्षेत्रे सापडतात. २०२३ मध्ये अल्मा दुर्बिणीने जिचा प्रकाश ११ अब्ज वर्षांपूर्वी निघाला अशा दीर्घिकेतल्या धुळीच्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींची कंपने एका दिशेत अधिक असणे, मोजून तिथे सुव्यवस्थित क्षेत्र असल्याचे दाखवले. त्यामुळे आधी संक्षोभाने लहान मापाचे क्षेत्र झपाट्याने वाढते आणि मग परिवलन त्याला मोठ्या मापावर शिस्त लावते, अशी दोन टप्प्यांची मांडणी आज बहुतेक जण स्वीकारतात.

हे सगळे आपल्याला कळते कसे, यावर थोडा अधिक वेळ घालवतो, कारण निष्कर्षांतली निम्मी भांडणे मोजण्याच्या पद्धतींतून येतात. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना ताऱ्यांच्या प्रकाशात ध्रुवण सापडले. ते शोधत होते वेगळेच : उष्ण ताऱ्याच्या कडेचा प्रकाश ध्रुवित असावा, या चंद्रशेखर यांच्या भाकिताची परीक्षा. हाती लागले ते ताऱ्याचे नव्हतेच, वाटेतल्या धुळीचे होते. लांबट धूलिकण क्षेत्राला आडवे होऊन फिरतात आणि प्रकाशाचा एक घटक अधिक शोषतात. चार वर्षांनी, १९५३ मध्ये, चंद्रशेखर यांनीच फर्मी यांच्यासह या ध्रुवणदिशांच्या विस्कटलेपणावरून क्षेत्र काढण्याची रीत दिली : क्षेत्र जितके ताठ, तितके संक्षोभाला ते कमी वाकवता येते. त्यांचे उत्तर सुमारे ७ मायक्रोगॉस आले होते. आजच्या आकड्याच्या ते इतके जवळ आहे, की वर्गात सांगताना मला दर वेळी थांबावेसे वाटते.

तीच धूळ दूर अवरक्त प्रकाशात स्वतः चमकते आणि तो प्रकाशही ध्रुवित असतो. सोफियाने एम ७७ मध्ये ८९ मायक्रोमीटर तरंगलांबीवर पाहिले ते हेच. रेडिओ दुर्बिणी मात्र वेगळी गोष्ट पाहतात : जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे विश्वकिरणांतले इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेताना जे सिंक्रोट्रॉन प्रारण देतात ते. त्याच्या एकूण तेजावरून क्षेत्राचे मूल्य मिळते, पण त्यासाठी विश्वकिरण आणि क्षेत्र यांच्या ऊर्जा समान आहेत असे धरावे लागते. हे गृहीतक अनेकांना खटकते. मला ते तितके खटकत नाही, कारण क्षेत्र तेजाच्या साधारण चौथ्या मुळाप्रमाणे जाते, त्यामुळे तेज दुप्पट चुकले तरी क्षेत्र वीसेक टक्क्यांनीच चुकते.

ध्रुवणातून दिशा मिळते, पण एक फसवणूक तिथे कायम असते. ध्रुवणाला रेषेची दिशा कळते, बाण कुठल्या टोकाला आहे ते कळत नाही. काहीशे प्रकाशवर्षांवर उलटसुलट होणारे, पण दाबले गेल्याने एका रेषेत आलेले क्षेत्र आणि संपूर्ण भुजेभर एकाच बाजूने वाहणारे क्षेत्र ही दोन्ही ध्रुवणात सारखीच दिसतात. त्यांना वेगळे करते फॅराडे परिभ्रमण : आयनीभूत वायूतून जाताना ध्रुवणाचे प्रतल तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात फिरते, आणि कुठल्या बाजूने फिरते ते बाणावर ठरते. देवयानी दीर्घिकेत, म्हणजे एम ३१ मध्ये, केंद्रापासून सुमारे ३३,००० प्रकाशवर्षांवरच्या कड्यात क्षेत्र सगळीकडे एकाच बाजूने वाहते हे याच रीतीने कळले, आणि डायनॅमोच्या बाजूचा तो आजही सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. चौथी रीत झीमान परिणामाची, म्हणजे क्षेत्रामुळे अणूची वर्णरेषा दुभंगण्याची. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या रेषेत दर मायक्रोगॉसला २.८ हर्ट्झचे अंतर पडते, तर रेषेची स्वतःची रुंदी हजारो हर्ट्झची असते. १९६८ मध्ये गेरिट फर्सुर यांनी ते प्रथम मोजले. गृहीतक सर्वांत कमी आणि मेहनत सर्वांत जास्त, असा हा प्रकार आहे.

आपल्या हाताशी असलेल्या जीएमआरटीविषयी इथे सांगणे योग्य होईल, कारण ‘खोडदची दुर्बीण वापरून दीर्घिकेच्या क्षेत्राची दिशा काढता येईल का’ असे पुष्कळदा विचारले जाते. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण मुख्यत्वे लांब तरंगांवर चालते. फॅराडे परिभ्रमणाचे प्रमाण ५० रेडियन प्रति चौरस मीटर धरा. ६ सेंटिमीटरवर प्रतल सुमारे १० अंश फिरते. अर्ध्या मीटरवर ते जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या मारते. दीर्घिकेच्या निरनिराळ्या खोलीतून आलेले प्रारण निरनिराळ्या फेऱ्या मारून एकत्र येते आणि ध्रुवण पुसले जाते. म्हणून दिशेसाठी अमेरिकेतली व्हीएलए आणि जर्मनीतली एफेल्सबर्गची १०० मीटरची तबकडी कमी तरंगलांबीवर वापरली गेली, आणि जीएमआरटीचा उपयोग एकूण तेजासाठी झाला. तो कमी मोलाचा नाही. १० मायक्रोगॉसमध्ये ५ गिगाहर्ट्झला चमकणारा इलेक्ट्रॉन दीड कोटी वर्षे टिकतो, ३३३ मेगाहर्ट्झला चमकणारा सुमारे सहा कोटी. म्हणजे दुसरा आपल्या जन्मस्थानापासून खूप लांब पसरलेला असतो. एनजीसी ६९४६ सारख्या दीर्घिकांच्या ३३३ मेगाहर्ट्झच्या नकाशांत भुजा पुसट होतात त्या यामुळे, क्षेत्र नाही म्हणून नव्हे.

यात माझी एक जुनी चूक सांगून टाकतो. ६१० मेगाहर्ट्झच्या काही निरीक्षणांत एका स्रोताची ध्रुवणदिशा दिवसागणिक बदलताना मला दिसली आणि आठवडाभर मी त्या बदलाचे खगोलीय कारण शोधत बसलो. कारण डोक्यावर होते. आपला प्रदेश आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, विषुववृत्तीय पट्ट्यात येतो, दुपारी तिथे इलेक्ट्रॉन दाटतात, आणि त्यांनी ५ रेडियन प्रति चौरस मीटर एवढी भर घातली तरी या तरंगलांबीवर प्रतल सत्तर अंश फिरते. ती दुरुस्ती मी लावलीच नव्हती.

पद्धतींतला हा फरक निष्कर्षांत कसा उतरतो ते एम ५१ मध्ये दिसते. रेडिओत पाहिले तर तिचे क्षेत्र भुजांच्या बरोबरीने सुबक वळत जाते. दूर अवरक्तात, सोफियाच्या १५४ मायक्रोमीटरच्या निरीक्षणांत, बाहेरच्या भागात ते भुजांपासून फटकून वागते. दोन्ही मोजमापे बरोबर असू शकतात. रेडिओ प्रारण जाडसर, विरळ तबकडीतून येते. धुळीचा प्रकाश तबकडीच्या मध्यप्रतलातल्या घन ढगांतून येतो, आणि त्या ढगांत ताऱ्यांच्या स्फोटांनी व आकुंचनाने क्षेत्र विस्कटलेले असते. म्हणूनच ‘दीर्घिकेचे चुंबकीय क्षेत्र’ असे एकवचन मी जपून वापरतो.

एनजीसी ६९४६ चे कोडे याहून अवघड आहे. सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत सर्वांत व्यवस्थित क्षेत्र भुजांत नसून भुजांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत आहे, जणू वायूच्या भुजांशेजारी चुंबकीय भुजांची दुसरी जोडी. बेक आणि होर्नेस यांनी १९९६ मध्ये हे दाखवले. एकूण क्षेत्र वायूच्या भुजांतच अधिक आहे, पण तिथे ते विस्कटलेले आहे; शिस्त मधल्या पट्ट्यात आहे. क्षेत्र केवळ वायूबरोबर दाबले जात असते, तर हे चित्र दिसलेच नसते. भुजेतल्या स्फोटांमुळे तिथला डायनॅमो मंदावतो, भुजेतून वर उडणारा वायू क्षेत्र बाहेर नेतो, किंवा वायूत मंद चुंबकीय लाट चालते, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. पहिल्या दोहोंकडे माझा कल आहे, तरी कुठल्याही एकावर मी पैज लावणार नाही.

आता वायूच्या रचनेकडे, जिथे क्षेत्राचा खरा अधिकार चालतो. आंतरतारकीय वायू एकजिनसी नसतो. सुमारे ८,००० केल्विनचा उबदार विरळ वायू, ५० ते १०० केल्विनचे थंड हायड्रोजनचे ढग, १० ते २० केल्विनचे रेणवीय ढग आणि या सर्वांच्या मधून स्फोटांनी पोखरलेल्या दशलक्ष केल्विनच्या पोकळ्या, असे हे मिश्रण आहे. उबदार आणि थंड वायूचा दाब जवळपास सारखा असल्याने एकातून दुसऱ्यात रूपांतर होत राहते. क्षेत्र यात तीन ठिकाणी हात घालते.

पहिले म्हणजे तबकडीच्या जाडीत. वायूचे वजन पेलण्यात क्षेत्राचा आणि विश्वकिरणांचा वाटा असतो, पण वजन नसलेल्या आधारावर वजनदार वायू ठेवणे अस्थिर असते. क्षेत्ररेषा कुठेतरी वर फुगल्या की वायू त्यांच्यावरून घसरून खोलगट भागात साचतो, रेषा हलक्या होऊन आणखी फुगतात. पार्कर यांनी १९६६ मध्ये दाखवलेली ही अस्थिरता एकेकाळी मोठ्या ढगांचे मुख्य कारण मानली जाई. एकट्या तिने घनता फारशी वाढत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. दुसरे, भुजांपासून बाहेर निघणारी पिसे. एम ५१ च्या छायाचित्रात धुळीच्या गडद पट्ट्यातून काही अंतराने आडव्या शिरा फुटलेल्या दिसतात. भुजेत दाबलेला वायू फिरत असल्याने गुरुत्वाला तो एकदम गोळा करता येत नाही. क्षेत्राचा ताण त्या फिरण्याला आवर घालतो आणि उलट गुरुत्वाला मदत करतो. क्षेत्र नेहमी आकुंचनाच्या आडच येते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

तिसरे ठिकाण सर्वांत श्रीमंत आहे. प्लांक उपग्रहाने आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचे ध्रुवण ३५३ गिगाहर्ट्झला संपूर्ण आकाशभर मोजले. विरळ वायूतले तंतू क्षेत्राला समांतर निघाले. पण जवळच्या रेणवीय ढगांत जसजशी वायूची दाटी वाढते, तसतसे तंतू क्षेत्राला लंब होऊ लागतात. हा बदल दृष्टिरेषेत प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ५ गुणिले १० चा २१ वा घात इतके हायड्रोजनचे अणू जमल्यावर होतो. आता एक स्वतंत्र गणित करा : १० मायक्रोगॉसच्या क्षेत्राला मात देऊन ढग स्वतःच्या वजनाने आकसायला किती दाटी लागेल? उत्तर २.५ ते ३ गुणिले १० चा २१ वा घात असे येते. दुपटीच्या आतला हा मेळ मी काटेकोर पुरावा मानत नाही, कारण प्रक्षेपणाचे कोन आपल्याला ठाऊक नसतात. परंतु चित्र अर्थपूर्ण आहे. वायू विरळ असतो तोवर क्षेत्र त्याला आपल्या दिशेने नेते. गुरुत्व वरचढ झाले की वायू रेषांच्या बाजूने घसरत येऊन त्यांना आडव्या भिंतीत साचतो. झीमान मोजमापेही हेच सुचवतात : घनसेंटिमीटरला सुमारे ३०० कणांपर्यंत क्षेत्र घनतेबरोबर वाढत नाही, त्यानंतर वाढू लागते.

पण वायू क्षेत्राला अखेरपर्यंत धरून राहिला असता तर काय झाले असते? घनसेंटिमीटरला एक अणू असलेला ५ मायक्रोगॉसचा वायू ताऱ्याच्या घनतेपर्यंत दाबला, तर क्षेत्र ५,००० कोटी गॉस व्हायला हवे. सूर्यडागांत ते तीनेक हजार गॉस असते. म्हणजे वाटेत जवळजवळ सगळे क्षेत्र मागे सुटते, आणि घन गाभ्यातली आयनांची टंचाई त्याला मोठे कारण आहे. आकाशगंगेत रेणवीय वायू सुमारे शंभर कोटी सूर्यांइतका आहे. तो निर्वेधपणे कोसळला असता तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे झाले असते, प्रत्यक्षात एक-दोनच होतात. ही मंदगती केवळ क्षेत्रामुळे आहे असे पूर्वी मानत. आज श्रेय संक्षोभाला आणि तरुण ताऱ्यांच्या उच्छादाला अधिक जाते, क्षेत्राकडे काही पटींचा वाटा उरतो.

यावरून पाठ्यपुस्तकाविषयीच्या तुमच्या तक्रारीचे उत्तरही मिळते. घनतातरंगाचे प्रकरण ताऱ्यांच्या तबकडीचे आहे, तिथे क्षेत्र गाळणे न्याय्य आहे. चूक होते ती पुढच्या प्रकरणात, जिथे वायूचे ढग आणि तारानिर्मिती शिकवताना तेच समीकरण तसेच उचलले जाते.

प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर कोल्हापुरात बसून करता येण्याजोगा एक सुचवतो. एनजीसी ६९४६ चा कार्बन मोनॉक्साइडचा, उदासीन हायड्रोजनचा आणि ६ सेंटिमीटरच्या ध्रुवित प्रारणाचा नकाशा मिळवा, आणि केंद्रापासून वाढत्या अंतरावर, एकेका कड्यात, ध्रुवित तेजाचे शिखर वायूच्या शिखरापासून किती अंश सरकलेले आहे ते मोजा. तिन्ही नकाशे आधी सर्वांत भरड विभेदनावर आणा, त्याशिवाय एकही आकडा काढू नका. दीर्घिकेच्या कलाची, म्हणजे तिची तबकडी आपल्याला तिरकी दिसते त्याची, दुरुस्ती कड्यांत विभागण्याआधी करा. आणि सरकण्याचा कोन अंतराबरोबर बदलतो का, एवढाच प्रश्न ठेवा. घनतातरंग ठरावीक वेगाने फिरत असेल तर तो एका विशिष्ट पद्धतीने बदलायला हवा, आणि चुंबकीय भुजांचे कारण भुजेतला मंदावलेला डायनॅमो असेल तर वेगळ्या.